दहावा रिबाउंड

९ जानेवारी, शुक्रवार

यांच्याशी बोलायचं नाही असं ठरवलंय, आणि बोलल्याशिवाय तर मला राहवत नाही. म्हणून ही वही काढली.

कारण लिहून ठेवते, नाहीतर चार दिवसांनी माझं मलाच आठवायचं नाही. माझी लाकडी मुठीची छत्री यांनी भंगारवाल्याला देऊन टाकली. मला न विचारता. वर म्हणतात, "अगं, तीन काड्या मोडल्या होत्या तिच्या." मोडल्या असतील. आठ असतात, पाच शाबूत होत्या ना!

उद्या सामना आहे, म्हणजे दोन तास यांच्याच शेजारी बसायचं. गेली एकोणीस वर्षं बसतेय. सकाळी लॅबमध्ये लोकांच्या रक्तातल्या पेशी मोजायच्या आणि संध्याकाळी सामना असला की बास्केटबॉल क्लबच्या टेबलावर आकडे मोजायचे. मी मैदानावरून नजर न हलवता म्हणायचं, "चार नंबर, रिबाउंड." यांनी ते मोठ्यानं परत म्हणून कॉम्प्युटरवर टाइप करायचं. घरात माझा एक शब्द ऐकत नाहीत, तिथे मात्र मी म्हणेन ते मुकाट्यानं टाइप करतात. म्हणूनच तुला ते काम इतकं आवडतं, असं माझी बहीण म्हणते. असेलही.

बहिणीला अजून यातलं काही कळत नाही. कालही फोनवर शिकवणी घेतली. नेम चुकून परत आलेला चेंडू ज्यानं मिळवला त्याचा रिबाउंड. ज्याच्या पासवर लगेच बास्केट झाली त्याचा असिस्ट. आणि गुण, रिबाउंड, असिस्ट हे तिन्ही एकाच सामन्यात दहा किंवा दहाच्या वर गेले की ट्रिपल-डबल. "म्हणजे तिन्ही विषयांत पास," ती म्हणाली. पास कसलं, बोर्डात येण्यासारखं आहे ते! एका हंगामात पंधरा ट्रिपल-डबलचा विक्रम बावीस वर्षं कुणी मोडलेला नाही. आमच्या भिंगरीचे या हंगामात सात झालेत. पावणेसहा फुटांचा पोरगा, पायाला चाकं लावल्यासारखा पळतो. मी त्याला तोंडावर कधी शाबासकी देत नाही. टेबलावरच्या माणसानं कुणाचं असू नये.

११ जानेवारी, रविवार

काल जिंकलो. दुसऱ्या क्वार्टरमध्ये हॉलचे दिवे गेले. दहा मिनिटं अंधार, लोक मोबाइल उंच धरून गाणी म्हणत होते. मी तेवढ्या अंधारातही नजर मैदानावरच ठेवली. सवय.

अबोला चालूच. हे एरवी माझं वाक्य परत म्हणतात, काल म्हटलं नाही. प्रत्येक क्वार्टरनंतर माझा कागद आणि यांचा पडदा ताडून बघायचा असतो, तेही राहिलं. ताडायचं म्हणजे बोलावं लागतं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये मला एकदम छत्री आठवली आणि मी यांच्याकडे असा एक जळजळीत कटाक्ष टाकला की बस. पुन्हा समोर बघितलं तर चेंडू भिंगरीच्या हातात. "चार नंबर, रिबाउंड," मी म्हटलं. यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, तोंड मिटलं आणि टाइप केलं. छत्रीबद्दल माफी मागणार होते बहुतेक. ऐन वेळी धीर झाला नसेल.

भिंगरी: ३१ गुण, ११ असिस्ट, १० रिबाउंड. आठवा ट्रिपल-डबल! आमचा खांब (पावणेसात फूट, बारा नंबर) एकानं हुकला: १४ गुण, १० असिस्ट, ९ रिबाउंड. बारा वर्षं या क्लबात खेळतोय, आयुष्यात एकही ट्रिपल-डबल नाही. गुडघे पार गेलेत, हा शेवटचा हंगाम. सामन्यानंतर कागद बघायलाही आला नाही. कधीच येत नाही. भिंगरी मात्र कागद घेऊन बराच वेळ उभा होता. स्वतःचे आकडे डोळे भरून बघत असणार.

१३ जानेवारी, मंगळवार

बोलणं सुरू. यांनी नवीन छत्री आणली. जांभळ्या रंगाची, वर बदकं. लहान मुलांच्या दुकानातून आणली असणार, माझं डोकंसुद्धा नीट झाकत नाही. इतकी हसले की अबोला धरायचं भानच राहिलं नाही.

वही मात्र चालू ठेवते. यांना सांगता येत नाही असं बरंच असतं.

१ फेब्रुवारी, रविवार

भिंगरीचे दहा झाले.

काल सामन्याआधी पाणी प्यायच्या निमित्तानं टेबलापाशी आला. "काकू, तुम्ही जुने सामने बघता का हो कधी?"

"मला घरी कामं असतात," मी म्हटलं.

"नाही, तो दिवे गेलेला सामना काय मस्त झाला होता! दिवे आल्यानंतरचा तर विशेषच. तिसरा क्वार्टर मी दहा वेळा बघितला."

बघा! स्वतःचाच खेळ दहा वेळा बघतो आणि वर मलाही बघायला सांगतो. खेळाडूनं टेबलावरच्या माणसांशी आकड्यांबद्दल अवाक्षर काढायचं नाही असा लीगचा नियम आहे. बोलला तर पुढचा सामना बाहेर. तसा तो आकड्यांबद्दल काहीच बोलला नाही, पण मी काय काल जन्मले? विक्रम जवळ आला तशी लाडीगोडी सुरू झाली. काल त्याचे दोन असिस्ट मी कापले. पास घेतल्यावर समोरच्यानं तीन वेळा चेंडू आपटला, मग कसला असिस्ट? पोरं मला मागून कंजूष काकू म्हणतात ते उगाच नाही. मला ठाऊक आहे आणि मला आवडतं.

तरी त्याचे बारा असिस्ट झालेच.

१५ फेब्रुवारी, रविवार

अकरा. वर्तमानपत्रात फोटो. लॅबमध्ये आमचे डॉक्टरसुद्धा विचारत होते, "मोडेल का हो विक्रम?" मी म्हटलं, मी फक्त मोजते.

काल तो परत आला. बाटलीचं झाकण उघडत, एकदम साळसूद चेहऱ्यानं विचारतो, "काकू, तुम्ही कधी चुकता का?"

"एकोणीस वर्षांत एकदाही नाही."

माझ्याकडे बघत राहिला, "हं" म्हणाला आणि बाटली रिकामी केली. याला नक्की काय हवंय? माझी परीक्षा घेतो की काय? यांना विचारलं तर म्हणतात, "पोरगा चांगला आहे गं." चांगला आहे हे मलाही दिसतं. पण टेबलाच्या फार कडेकडेनं फिरतो.

खांबाच्या दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या. भिंगरी त्याच्या पिशवीसकट आपली पिशवी उचलून चालला होता. त्याला दादा म्हणतो. क्लबात नवीन आला तेव्हा वर्षभर त्याच्याच घरी राहायचा.

२२ फेब्रुवारी, रविवार

बारा.

आणि आता तर कमाल झाली. भिंगरीनं यांच्याकडे पेन ड्राइव्ह दिला. त्यात तोच दिवे गेलेला सामना! "काकूंना दाखवा, करमणूक होईल" असा निरोप. आज दुपारी यांनी टीव्हीवर लावला. मी इस्त्री करत होते. तिसऱ्या क्वार्टरला हे म्हणाले, "अगं, इकडे बघ जरा." मी बघितलं आणि तेवढ्यात यांच्याच निळ्या शर्टाची कॉलर करपली. टीव्ही बंद.

"परत लावू का?" हे म्हणाले.

"आणखी किती शर्ट आहेत तुमच्याकडे?" मी म्हटलं.

१५ मार्च, रविवार

पंधरा! बावीस वर्षांच्या विक्रमाची बरोबरी!

हॉलमध्ये कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. मी चेहरा सरळ ठेवला. फक्त दहावा रिबाउंड सांगताना आवाज जरा चढला, आणि हे परत म्हणताना चक्क उभे राहिले. "बसा," मी म्हटलं. बसले.

आता शनिवारी सामना नाही. मग साखळीतले शेवटचे दोन, दोन्ही आमच्याच मैदानावर; विक्रमाला बाद फेरी धरत नाहीत. क्लबचे मॅनेजर हवेत आहेत. हॉलच्या दारावर भलाथोरला फलक लावणार आहेत, त्यावर "सोळा" असं आत्ताच रंगवून घेतलंय. शिवाय पंधरा ट्रिपल-डबलचे पंधरा कागद काचेत घालून भिंतीवर लावणार. त्यातले आठ आमच्या टेबलावरचे. "बाई, त्यांवर तुमची सही हवी. प्रमाणित केलं असं दिसलं पाहिजे."

आयुष्यात कुणी माझी सही भिंतीवर लावली नव्हती. घरी येऊन दोन-तीन कागदांवर सही गिरवून बघितली. म्हटलं, भिंतीवर लागायचीय तर आधी आठही सामने व्हिडिओवर एकदा पुन्हा मोजते. चुकायची शक्यता नाहीच, पण काच लावल्यावर मोजण्यात काय अर्थ? हे ऐकून यांना एकदम ठसका लागला. चहा फार गरम होता म्हणे.

१९ मार्च, गुरुवार

सापडलं. सापडायला नको होतं.

तीन दिवसांत सात सामने मोजले, सातही चोख. शेवटी राहिला तो दिवे गेलेला. आज दुपारी लॅबमधून आल्या आल्या लावला. तिसरा क्वार्टर, सहा मिनिटं बाकी. चेंडू रिंगवरून परत येतो. खांब सगळ्यांच्या वर उडी मारतो आणि पूर्ण तळव्यानं चेंडू भिंगरीकडे ढकलतो. नुसता चाटून गेला असता तर पकडणाऱ्याचा धरतात. पण असा मुद्दाम, बघून, आपल्या माणसाकडे ढकलला की रिबाउंड ढकलणाऱ्याचा. यात शंकाच नाही. नवीन माणसालाही पहिल्या दिवशी शिकवतात. मी अकरा वेळा मागे नेऊन बघितलं.

म्हणजे भिंगरीचे नऊ. त्याचा ट्रिपल-डबल गेला. पंधराचे चौदा.

आणि खांबाचे दहा. चौदा गुण, दहा असिस्ट, दहा रिबाउंड.

व्हिडिओत कोपऱ्यात टेबलही दिसतं. त्या क्षणी मी कुठे बघतेय? यांच्याकडे. छत्रीसाठी! आणि हे कुठे बघतायत? मैदानाकडे.

यांना बोलावलं. "तुम्ही बघितलं होतं?"

"हो," म्हणाले. कानाची पाळी चोळत.

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलत नव्हतीस ना माझ्याशी."

काय म्हणावं या माणसाला! "अहो, मग नंतर? दोन महिने झाले!"

"नंतर तू सगळीकडे सांगत सुटलीस, एकोणीस वर्षांत एकदाही चुकले नाही म्हणून. मला भीती वाटली गं. दोन-तीनदा प्रयत्न केला. तो निळा शर्ट त्यातच गेला."

मला ओरडायचं होतं. पण जरा हसूही आलं, आणि मग रडू आलं. हे पाठीवरून हात फिरवत बसले.

२० मार्च, शुक्रवार

लीगचा नियम असा की हंगाम संपायच्या आत दुरुस्तीचा अर्ज दिला तर आकडा बदलतो. तो अर्ज फक्त टेबलावरची माणसं देऊ शकतात. खेळाडूनं तोंडही उघडायचं नाही. म्हणजे सगळं माझ्यावर.

खरं लिहायचं तर सही करून मोकळं व्हावं असं मला दोनदा वाटलं. पहिल्यांदा स्वतःसाठी. एकोणीस वर्षांचं नाव, ते छत्रीपायी मातीत. दुसऱ्यांदा त्या पोरासाठी. सहा महिने जिवाचं रान केलंय त्यानं. माझी मान वळली म्हणून त्याचा विक्रम जाणार. त्याची माफीही मागता येत नाही, आकड्यांबद्दल बोलायचं नाही ना! माझ्याकडे परत कधी बघणार नाही तो. आणि मी मूर्ख, गेले दोन महिने त्याला लाडीगोडी करतो म्हणून नावं ठेवत होते.

दुपारी मॅनेजरकडे गेले. ऐकता ऐकता ते खुर्चीत खाली खाली सरकत गेले.

"बाई, हात जोडतो. जानेवारीतल्या एका रिबाउंडनं काय होतंय?"

"एकाचे पंधरा आहेत ते चौदा होतायत," मी म्हटलं. "आणि दुसऱ्याचा शून्य आहे तो एक होतोय."

"पण कुणाच्या लक्षात आलेलं नाही!"

"माझ्या आलंय. आणि यांच्या. आणि खांबाचा तळवा आहे, त्याच्याही असेलच."

"तो काही बोलला का?"

बोलला नव्हता. सव्वादोन महिने ज्याचा हक्काचा ट्रिपल-डबल दुसऱ्याच्या खात्यात पडलाय, तो माणूस रोज येतो, गुडघ्याला पट्ट्या बांधतो आणि खेळून घरी जातो. तिथेच माझं ठरलं. मॅनेजर म्हणाले फलकाचं काय करू? मी म्हटलं, उलटा करून टेबल बनवा.

२१ मार्च, शनिवार

अर्ज पाठवला. त्यावर आम्हा दोघांच्याही सह्या लागतात. एक रकाना आहे, "चुकीचं कारण." आम्ही बराच वेळ पेन घेऊन बसलो.

"तांत्रिक अडचण लिही," हे म्हणाले.

"अडचण तांत्रिक होती का?"

"मग घरगुती लिही."

मी खरं तेच लिहिलं. "सांगणारी व टाइप करणारा यांच्यात त्या दिवशी बोलणं बंद होतं."

पाठवल्यावर नीट जेवले, दोन दिवसांत पहिल्यांदाच.

२५ मार्च, बुधवार

दुरुस्ती मंजूर. आणि लीगनं ती कारणासकट छापली! वर्तमानपत्रांनी तशीच्या तशी उचलली. सकाळी लॅबमध्ये पाय ठेवला तर डॉक्टर म्हणतात, "काय, आज बोलणं चालू आहे ना?" बहिणीचा फोन. शेजारीण मुद्दाम जिन्यात थांबली. यांना तर चार मित्रांनी विचारलं की छत्री शेवटी मिळाली का. छत्रीचं त्या मित्रांना कुणी सांगितलं? यांनीच, दुसरं कोण!

दुपारी क्लबात कागद पोचवायला गेले होते. व्हरांड्यात भिंगरी समोरून आला. मनात म्हटलं, आता हा मान फिरवणार. तर तो शीळ घालत होता! मला बघून थांबला, दोन्ही हात जोडले आणि वाकून असा नमस्कार केला, चेहऱ्यावर हे एवढं हसू, आणि पळाला. विक्रम गेला आणि शीळ घालतो? धक्क्यानं पोराच्या डोक्यावर परिणाम झाला असेल. यांना सांगितलं तर हे हसत सुटले. विचारलं काय झालं, तर म्हणे काही नाही, तू चहा घे. यांना कशाचं हसू येतं देव जाणे.

२९ मार्च, रविवार

कालचं सगळं लिहिते.

आम्ही टेबलावर बसलो तर प्रेक्षक एका सुरात, "काकू, बोलताय ना?" हे उठून म्हणाले, "बोलतेय, बोलतेय, सकाळपासून थांबलेली नाही!" सगळा हॉल हसला. घरी आल्यावर बघते यांच्याकडे, म्हटलं. पण मलाही हसू आवरत नव्हतं.

मग सामन्याआधी माइकवरच्या निवेदकानं जाहीर केलं. "अकरा आठवड्यांपूर्वी याच मैदानावर बारा नंबरनं नोंदवलेला, कारकिर्दीतला पहिला ट्रिपल-डबल!" खांबानं मागे वळून बघितलं, दुसरंच कुणी उभं असेल म्हणून. लोक उभे राहिले. भिंगरीनं त्याला ढकलत मैदानाच्या मध्यावर नेलं आणि स्वतः बाजूला होऊन सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत राहिला. एवढा मोठा माणूस, हातांचं काय करावं ते त्याला कळेना. शेवटी आमच्या टेबलापाशी आला. आकड्यांबद्दल बोलता येत नाही ना. आपला तो ताटाएवढा तळवा टेबलावर ठेवला आणि खेळायला गेला. यांनी माझा रुमाल मागितला. मी म्हटलं, मलाच हवाय.

आणि सामन्यात भिंगरीनं काय करावं? २२, १४, ११! परत पंधरा. आता या शनिवारी शेवटचा सामना. झाला तर सोळा, नाही तर बरोबरीवर समाधान. मॅनेजरनी तो फलक पुन्हा सुलटा केलाय म्हणे.

मी कुणाची नाही, टेबलावरच्या माणसानं कुणाचं असू नये. पण होऊ दे बाई.

५ एप्रिल, रविवार

काल सकाळपासून चष्मा चार वेळा पुसला. यांच्याकडे सामनाभर एकदाही बघितलं नाही. यांनीही मला बजावलं होतं, "छत्री, शर्ट, काहीही आठवलं तरी समोरच बघ."

चौथा क्वार्टर, शेवटचं मिनिट. भिंगरीचे २७ गुण, १३ असिस्ट, ९ रिबाउंड. फळ्यावर नऊचा आकडा लखलखत होता आणि सगळा हॉल "एक! एक!" म्हणून पाय आपटत होता. लोक विसरूनच गेले होते की आपण फक्त एका गुणानं पुढे आहोत, आणि हरलो तर बाद फेरी हुकणार, म्हणजे खांबाचा हा शेवटचाच सामना ठरणार.

चार सेकंद बाकी. समोरच्यांनी नेम धरला. चुकला. चेंडू रिंगवर आपटून वर उडाला, आणि मी एकोणीस वर्षं बघतेय, मला तिथेच कळलं की तो कुठे पडणार. भिंगरीपासून दोन पावलांवर. त्यालाही कळलं. सरळ धावला असता तर त्याचाच होता.

पण त्याच्या मागून समोरच्यांचा सगळ्यात उंच गडी येत होता. आम्ही त्याला उंट म्हणतो. भिंगरी चेंडूकडे गेला असता तर उंटाला वाट मोकळी होती. चेंडू बोटांतून निसटला असता तर उंटानं तिथूनच परत टाकला असता. भिंगरीनं चेंडूकडे पाठ केली. पाय रोवले, कंबर खाली घातली आणि तो पावणेसहा फुटांचा पोरगा त्या उंटाला छातीनं रेटत उभा राहिला. वरसुद्धा बघितलं नाही. चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला. खांबानं त्या मोडक्या गुडघ्यांवर उडी मारली आणि दोन्ही हातांनी धरला.

शिट्टी झाली. जिंकलो.

फळा अजून बदलला नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते. कुणीतरी ओरडलं, "काकू, द्या की एक!"

"बारा नंबर, रिबाउंड," मी म्हटलं.

"बारा नंबर, रिबाउंड," हे म्हणाले. आणि टाइप केलं.

आणि मग जिंकल्याचा असा गलका उठला की काचा हादरल्या. मॅनेजर डोकं धरून बसले होते आणि नाचतही होते. भिंगरी जमिनीवर उताणा पडलेला, त्याच्यावर उंट, उंटाशेजारी खांब. आणि सगळ्यांत खालचा खदाखदा हसत होता.

शेवटी उठला आणि टॉवेल गळ्यात टाकून थेट टेबलापाशी आला. साखळी सामने संपले, आणि न बोलायचा नियम साखळीपुरताच. आता बोलायला मोकळा.

"काकू, किती?"

"नऊ."

"नक्की?"

"नऊ म्हणजे नऊ."

"बरोबर," तो म्हणाला. "मीही नऊच मोजले."

मला काय झालं कोण जाणे. एकोणीस वर्षांत कुणा खेळाडूशी मी असं बोलले नव्हते. म्हटलं, "अरे, त्या उंटाला थोपवलंस ना, तेवढं एक मी कुठे लिहू तेच कळत नाही. आमच्याकडे त्याला रकानाच नाही."

"नसू दे," त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं. "तुम्ही बघितलंत ना?"

"बघितलं," मी म्हटलं.